माझ्यानंतर हिचं काय?

"पेन्शनचे नियम बदलणार म्हणतात. उद्या मी नसलो तर हिचं काय?" समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या माणसांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यातला एक अनुभव लिहायलाच हवा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ कारखान्यात नोकरीला, वय ५६. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर ईपीएस-९५च्या, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या बातम्या. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, २०१४ साली किमान पेन्शन हजार रुपये केली. हजारात कोण जगतं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

ते चमकले. घरी सगळे 'नका हो काळजी करू' एवढंच म्हणायचे. खऱ्या काळजीला खोटा दिलासा दिला की ती आणखी घट्ट धरून बसते, हे माझं ठाम मत आहे.

चौथ्या भेटीला मी पत्नीलाही बोलावलं. "तुमच्यानंतर काय मिळेल, ते ताईंनाच सांगा."

नियम त्यांना तोंडपाठ होते. नोकरीत असताना मृत्यू आला, तर एकाच महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन. पेन्शन सुरू झाल्यावर गेलो, तर माझ्या पेन्शनच्या निम्मी. मुलं पंचविशीच्या आतली असतील तर त्यांनाही, एका वेळी दोघांना. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर दहा वर्षं नोकरीची अट नाही. मला घडाघडा सांगितलेलं हे सगळं बायकोकडे वळून सांगताना मात्र आवाज फुटेना. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वडील गेले, तेव्हा कागद कुठल्या ट्रंकेत आहेत तेसुद्धा आईला माहीत नव्हतं."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला फार वर्षांनी जमलंय.

"मग मला दाखवा ना," ताई म्हणाल्या.

गाठ इथे सुटली. पैसे कमी पडणार ही भीती खरीच होती, पण झोप उडवत होती ती आईची आठवण. बायकोही तशीच असहाय होणार, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. तिला कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून सगळ्यांना सांगते, या चिंतेचे दोन वाटे करा. सरकारकडे मागायचं ते संघटनेतून, जोरात मागा. पेन्शन वाढावी ही मागणी रास्तच आहे. घरातलं मात्र येत्या रविवारी उरका. पीएफ खात्याचा यूएएन नंबर कुठे लिहिलाय, ई-नॉमिनेशन म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद झालीय का, आधार आणि बँकेतली नावं-जन्मतारखा जुळतात का, पेन्शनच्या अर्जाचा १०-डी फॉर्म कुठे भरायचा. आणि हे एकट्याने करू नका. जोडीदाराला शेजारी बसवा, तिच्याच हाताने वहीत लिहू द्या. मी कितीतरी घरांत पाहिलंय, ती वही तयार झाली की रात्रीचा मोबाइल आपोआप खाली ठेवला जातो.

शेवटच्या भेटीत वही ताईंच्या पिशवीत होती. 'निम्मी' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती. "मॅडम, एक माणूस गेलं म्हणून घरभाडं निम्मं होतं का हो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्यात दोघं पेन्शनरांच्या मेळाव्याला गेले, आणि हाच प्रश्न ताईंनी तिथे उभं राहून विचारला.