गाडी विकण्याआधी एकदा खाली वाकून बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

‘काका, बाबांची थार काढून टाकू का?’ असं तू विचारलंस आणि त्याच दमात लिहिलंस की गिऱ्हाईक दारात येऊन गेलंय, आठवड्यात हो-नाही कळवायचंय. आधी त्या माणसाला थांबायला सांग. अजून अर्धा आंबा उतरायचा राहिलाय. मजूर, क्रेट, वाशीची गाडी या धांदलीत असला निर्णय घेऊ नये. तुझी गाडी मी पंधरा वर्षं खालून बघत आलोय, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

कागदाचं आधी उरकतो. पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी बाद, असं त्याने तुला सांगितलंय. ते खरं नाही. दिल्लीच्या बाजूला जुन्या गाड्यांवर बंधनं आली, त्या बातम्यांवरून हा समज पसरलाय. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पासिंग झालं की पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून त्यासाठीचा अर्ज, फॉर्म २५, भरता येतो. तुझी तारीख जूनअखेरची, म्हणजे खिडकी आत्ताच उघडली आहे. चारचाकीची फी ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा, विमा आणि पीयूसी चालू हवी. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा पडतात. पण मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढलीस आणि काही झालं, तर विम्याच्या दारात तुला उभं राहावं लागेल, ते त्या ५०० रुपयांपेक्षा फार महागात जातं. वीस वर्षांपुढे फी आणखी वाढते. तो विचार २०३१ साली कर. तारखेसाठी गाडी विकायची गरज नाही.

आता मुद्द्यावर येतो. लोक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि मान हलवतात. तुझं अडीच लिटरचं सीआरडीई डिझेल इंजिन आहे. नोझल, पंप, टर्बो, क्लच प्लेट, जे जाईल ते काढून बसवता येतं, आणि चिपळूणपासून रत्नागिरीपर्यंत ते काम जाणणारे हात आहेत. चासी, म्हणजे सगळी गाडी ज्यावर बसते तो लोखंडी सांगाडा, गेली की मात्र गाडी गेली. आणि कोकणात चासीला खाणारं सगळं हाताशीच आहे. चार महिने पाऊस, खारा वारा आणि तुमच्या सड्यावरची ती लाल माती, जी ओली असताना पिठासारखी चिकटते आणि एकदा कोपऱ्यात जाऊन बसली की गणपती होईपर्यंत वाळत नाही.

गाडीखाली सतरंजी टाक आणि आत शीर. तीन जागा बघ. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथे चासीला अडकवलेत तो हँगर. बॉडी जिथे रबरी बुशांवर बसते त्या जागा. आणि मागच्या चाकांच्या वर चासी जिथे वळण घेते तो भाग; तिथे माती सगळ्यात जास्त साचते. लहान हातोडी घेऊन ठोकत जा. चांगलं लोखंड खणकन वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं, भेगाळलेल्या मडक्यासारखं. जिथे आवाज बदलेल तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवून जोर लाव. पापुद्रा सुटून खाली चकचकीत धातू दिसला तर गंज वरवरचा आहे. तारेच्या ब्रशने घासून प्रायमर आणि रंग मारला की थांबतो. टोक आत घुसलं तर तिथेच थांब आणि मला फोन कर. काळं अंडरकोटिंग दिसतंय म्हणून विश्वास ठेवू नकोस. त्याला चीर गेली की ओल आत कोंडून राहते आणि गंज झाकणाखाली वाढत जातो.

मी यावर एवढा का अडतो, तेही तुला कळायला हवं. माझी स्वतःची जीप होती, एमएम ५४०. मागच्या हँगरपाशी चासी खाल्ली गेली होती. मी पट्टी वेल्ड केली, दोन वर्षांनी त्या पट्टीवर दुसरी. एका श्रावणात कुंभार्ली घाट उतरत होतो, भावाची दोन मुलं मागे बसलेली. खड्ड्यात चाक आपटलं आणि पाटा हँगरसकट चासीतून उपटून आला. गाडी डोंगराच्या अंगाला घासत थांबली, दरीच्या अंगाला गेली नाही. मुलांना खरचटलंही नाही. नंतर मी खाली वाकून पाहिलं तर माझी पट्टी जशीच्या तशी होती, तिच्या कडेचं मूळ लोखंड कागदासारखं फाटलं होतं. तेव्हापासून पाट्याच्या जागी गंज आरपार गेलेली गाडी मी कोणाला ठेवू दिलेली नाही. तुलाही देणार नाही.

चासी चांगली निघाली तर पुढे बघायचं. फोर-व्हील गाडीत बिघडायला जागा जास्त असतात. ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारा डबा), पुढचा क्राऊन (पुढच्या चाकांमधला गिअरांचा डबा), दुसरा शाफ्ट आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, हब (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे भाग). हे भाग वापरण्यापेक्षा न वापरल्याने जास्त बिघडतात. लिव्हर महिनोन्‌महिने टू-एचमध्येच, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर, पडून राहिली की जाम होते, सील कडक होतात. पुढच्या क्राऊनचा भरायचा बोल्ट काढ आणि बोटाला तेल लावून उजेडात धर. काळपट असलं तरी चालेल. दुधाच्या चहाचा रंग आला असेल तर आत पाणी गेलंय. पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, जाताना तापलेला क्राऊन एकदम गार होतो, आतली हवा आकसते, आणि वरची हवा खेळवणारी ब्रीदरची नळी मातीने बुजलेली असली की तो सीलमधून पाणी ओढून घेतो. नळी मोकळी करून तेल बदलायला अर्धा दिवस पुरतो. तसंच चालवलंस तर बेअरिंग आणि क्राऊन-पिनियन दोन्ही जातात.

फोर-व्हील लागते की नाही हे डांबरी कोरड्या रस्त्यावर तपासू नकोस. तुझ्या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, कोरड्या रस्त्यावर टायर सरकत नाहीत आणि सगळा पीळ गिअरांवर येतो. कलमांच्या चढावर सुट्या मातीत फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाकं आणि कमी वेगाचा गिअर, टाक. कोणाला तरी बाजूला, लांब उभं करून बघायला सांग, पुढचं चाक ओढतंय की नुसतं फरफटत चाललंय. ओढत नसेल तर बहुधा हब लागत नसतील. ते व्हॅक्यूमवर चालतात आणि त्यांच्या रबरी नळ्या एवढ्या वर्षांत तडकणारच. त्यासाठी कोणी गाडी विकत नाही.

आता अवघड प्रश्न. गेल्या पावसाळ्यात तू फोर-व्हीलची लिव्हर किती वेळा टाकलीस? अंदाजाने सांगू नकोस, डोळ्यांसमोर दिवस आण. २०११ साली बाबांनी गाडी घेतली तेव्हा तिठ्यापासून वर सगळी कच्ची वाट होती. आता काजूच्या गडग्यापर्यंत काँक्रीट झालंय, वर दीड-एक किलोमीटरच कच्चा राहिलाय. आंबा उतरतो तेव्हा जमीन कोरडी असते, तेव्हा साधी पिकअपसुद्धा वर जाते आणि तिच्यात क्रेट तुझ्या थारपेक्षा कितीतरी जास्त बसतात. खतं, गवतकाढणी, पावसातली राखण, असे खरोखर अडलेले दिवस मोज. वर्षाला आठ-दहाच निघाले, तर त्या दिवसांपुरती शेजाऱ्याची गाडी सांगता येईल आणि तुला फोर-व्हीलची गरजच नाही, जुनीचीही नाही आणि नवीचीही नाही. तीस-चाळीस निघाले तर प्रश्न मिटला, फोर-व्हील हवीच.

नवी घ्यायची म्हणतेस, तर दोन गोष्टी ध्यानात ठेव. नावावर जाऊ नकोस. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीसुद्धा मिळते. आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. ती साफ व्हायला गाडी हायवेला बराच वेळ सलग तापून पळावी लागते. घर ते कलमं सहा किलोमीटर, तेही दुसऱ्या गिअरमध्ये, असा वापर असेल तर जाळी तुंबते आणि बोर्डावर दिवा लागतो. तुझ्या वापराला नवी घेतलीस तर पेट्रोलचीच घे. जिम्नी हलकी आहे, चिखलात चांगली जाते, पण मागची जागा क्रेटच्या उपयोगाची नाही. आणि कोणाची वापरलेली घ्यायला निघालीस तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर माझ्या दारात रांगेने गाड्या उभ्या होत्या. आतून धुऊन-पुसून नव्यासारख्या केलेल्या गाडीतही बेल्टच्या त्या टोकाला गाळाची रेघ राहिलेली असते.

तू शेवटी लिहिलंस की स्टिअरिंगवर बाबांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली जागा आहे. मी पाहिली आहे ती, कितीदा. गाडी जायचीच ठरली तर स्टिअरिंग मी स्वतः काढून तुझ्या हातात देईन. पण मग गाडी अधिकृत भंगार केंद्रातच दे आणि गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस, आणि पुढे आरसी रद्द झाल्याची खात्री करून घे. दारातल्या गिऱ्हाइकाला दिलीस आणि ट्रान्सफर झालं नाही, तर पुढे ती गाडी कुठे काय करेल त्याचा जाब तुलाच विचारतील.

माझा कल विचारशील तर चासी खणकन वाजली की पाच वर्षांचं पासिंग करून घे. लागणारा खर्च नव्या गाडीच्या हप्त्यांपुढे काहीच नाही, आणि त्या वेळात तुझं बागेचं गणित बसेल. तीन ठिकाणांपैकी पाट्याची जागा बद्द वाजली तर मात्र मी तुझ्याशी वाद घालत बसणार नाही.

येत्या रविवारी सकाळी गॅरेजवर ये. रॅम्प मोकळा ठेवतो. आणि येताना गाडी धुऊन आणू नकोस, माती कुठे साचून राहिली आहे ते मला बघायचंय.

तुझा,
काका