मॉरिस नाचायचा की खेळायचा?

ग्लॉस्टरशायरमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. गावातल्या मॉरिस डान्सच्या, म्हणजे तिकडच्या एका लोकनाचाच्या, गटात त्या या हिवाळ्यापासून जायला लागल्यात. तिकडे अशा गटाला 'साइड' म्हणतात. त्यांनी सांगलीला आईला फोन करून कौतुकानं सांगितलं, "आई, मी एक साइड जॉइन केलीय." आई म्हणाली, "कसली साइड? बांधकामाची?" तर ताईंना तीन गोष्टी हव्यात: 'साइड'ला मराठी शब्द, 'जॉइन करणे'ला मराठी क्रियापद, आणि मुळात हा मॉरिस कोण?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर गमतीचं आहे. मॉरिस हा कुणी बाप्या नव्हे. शब्द 'मूर'वरून आला. मूर म्हणजे उत्तर आफ्रिकेतले आणि स्पेनमधले मुसलमान. पंधराव्या शतकात युरोपातल्या दरबारांत 'मोरेस्का', 'मोरिस्क' अशा नावांच्या नाचांची टूम निघाली होती, ती इंग्लंडात पोचली आणि नावाचं झिजून 'मॉरिस' झालं. इंग्लंडातली सर्वांत जुनी नोंद १४४८ सालची आहे. लंडनच्या सोनारांच्या संघानं आपल्या मेजवानीत नाचणाऱ्यांना सात शिलिंग दिले, असं त्यांच्या हिशेबात लिहिलंय. म्हणजे ज्याला आज सगळे अस्सल इंग्रजी खेड्यातलं म्हणतात ते आधी शहरात, पैसेवाल्यांच्या जेवणावळीत दिसतं. खेड्यात नंतर गेलं. हा नाच ख्रिस्तपूर्व काळातल्या सुफलनविधीचा अवशेष आहे वगैरे जे हौसेनं सांगतात, त्याला कागदाचा आधार नाही.

मग हा नाच खरंच मुरांचा का? तसं मानायची गरज नाही. जे विचित्र, परकं, दुरून आल्यासारखं वाटेल त्याला जवळच्या परक्याचं नाव चिकटवायची खोड सगळ्या भाषांना असते. आपली विलायती चिंच विलायतेची नाही आणि मोगली एरंड मोगलांनी आणलेला नाही, दोन्ही झाडं मुळात अमेरिका खंडातली. 'यवन' म्हणजे आयोनियातला ग्रीक, पण बखरींपर्यंत येता येता तो मुसलमान झाला. मॉरिसमधला मूर याच जातीचा.

थोडं विषयांतर. मॉरिस हे इंग्रजी आडनाव लॅटिन 'मॉरिशियस'वरून येतं, त्याच्याही तळाशी मूरच आहेत. डचांनी १५९८ मध्ये आपल्या मॉरिस राजपुत्राचं नाव एका बेटाला दिलं, ते मॉरिशस. तिथे आजही मराठी घरं आहेत. आणि आपली अँबॅसेडर गाडी म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, ऑक्सफर्डशेजारच्या काउलीच्या मॉरिस कंपनीची. पण 'नाइन मेन्स मॉरिस' नावाचा जो पटावरचा खेळ आहे, त्यातला मॉरिस या कुळातला नाही. तो 'मेरेल' या जुन्या फ्रेंच शब्दाचा, म्हणजे सोंगटीचा, अपभ्रंश. ऐकायला सारखा म्हणून त्याच्यावर मॉरिसचा शिक्का बसला. तो खेळ ताईंच्या आईंना बहुधा ठाऊक असेल: आपली नवकंकरी. लेण्यांच्या आणि देवळांच्या फरशांवर कोरलेले तिचे पट जागोजागी सापडतात.

आता 'साइड'. क्रिकेटच्या सवयीनं 'संघ' सुचतो, पण संघ म्हटला की समोर दुसरा संघ आणि मध्ये पंच लागतो. मॉरिसमध्ये कुणी हरत नाही. 'फड' हा शब्द मला जिवापाड आवडतो. पण मुलगी फडावर नाचते हे सांगलीत फोनवर सांगून बघा. 'मंडळ' म्हटलं की पावतीपुस्तक दिसतं. उरतं 'पथक', आणि माझं मत त्यालाच. एके काळी पथक म्हणजे घोडेस्वारांची तुकडी, आता ते ढोल-ताशाचं आणि लेझीमचं. हौशी माणसं, आठवड्याच्या ठरल्या संध्याकाळी जमणारी, एका रंगाचे कपडे, सणाला रस्त्यावर उतरणारी. साइड म्हणजे हेच.

क्रियापदाचं मात्र नीट बघायला हवं, खरी मेख तिथे आहे. 'पथकात सामील झाले', 'दाखल झाले' हे व्याकरणानं बरोबर, पण बोलण्यात असं कोण म्हणतं? सामील कटात होतात, दाखल दवाखान्यात. आपण सामील होण्याची घटना सांगतच नाही. तिथे जाऊन काय करतो ते सांगतो. पुण्यात कुठल्याही पोरीला विचारा, ती म्हणेल, "मी अमुक पथकात वाजवते." शेजारच्या काकू 'भजनाला जातात'. 'क्लास लावला', 'पोहायला घातलं', 'तालमीला जायला लागला'. तेव्हा ताई, 'जॉइन'ला प्रतिशब्द शोधू नका, त्याची जागाच मराठीत वेगळ्या तऱ्हेनं भरलेली आहे.

पण मग तिथे जाऊन काय करते, नाचते? इथे मराठी आणखी एक भेद करते. लेझीम खेळतात. टिपऱ्या खेळतात. झिम्मा खेळतात, फुगडी घालतात, गोफ विणतात. हातात काही धरून किंवा एकमेकांचे हात धरून, रांगेनं-रिंगणानं, ठरलेल्या तालावर गटानं जे करायचं त्याला मराठी सहसा 'नाचणे' म्हणत नाही. 'नाचणे' एकट्याचं तरी, वरातीतलं तरी. मॉरिसचा इंग्लंडातल्या कॉट्सवल्ड भागातला प्रकार बघा: सहा जण तीन-तीनच्या दोन ओळींत समोरासमोर, हातात रुमाल नाहीतर काठ्या, काठीवर काठी आदळायची, मग जागा बदलत एकमेकांतून आठाच्या आकड्यात वळत जायचं. म्हणजे टिपऱ्या आणि दोऱ्याशिवायचा गोफ. रुमालांचा प्रकार म्हणाल तर पांढरे कपडे आणि हवेत उडणारे रुमाल पाहून मला आपलं धनगरांचं गजीनृत्य आठवतं. संबंध काही नाही, पण आईला समजावायला उपयोगी.

म्हणून माझं उत्तर: "आई, मी इथल्या पथकात मॉरिस खेळते." आणि हिवाळ्यातल्या सरावाला 'प्रॅक्टिस' कशाला, 'तालीम' म्हणा. हिवाळाभर तालीम, मे महिन्यापासून बाहेर.

एकदा तालीम म्हटली की बाकीचे शब्द आपोआप मागे येतात. साइडमध्ये नाच शिकवणारा 'फोरमन' असतो: तो वस्ताद. विदूषकाचा 'फूल' असतो: सोंगाड्या. 'बॅगमन' साइडची थैली सांभाळतो, पत्रव्यवहार बघतो. त्याला तर आपल्याकडे तयार शब्द बसलाय, पोतनीस. पेशवाईत रोख खजिन्याचा हिशेब ठेवणारा तो पोतनीस. म्होरक्या 'स्क्वायर', त्याला पाटील म्हणावं का यावर मी अजून स्वतःशीच भांडतोय. आणि ज्याला ते 'ट्रॅडिशन' म्हणतात, म्हणजे अ‍ॅडरबरीची, बॅम्प्टनची, हेडिंग्टनची, एकेका गावची वेगळी पावलं आणि वेगळे रुमाल, त्याला 'परंपरा' हा शब्द फिका पडतो. ते घराणं आहे. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा ही गावांचीच नावं ना?

या मराठी शब्दांचा एक फायदा असा की 'पोतनीस' काय, 'वस्ताद' काय, बाईलाही चालतात. इंग्रजीत 'फोरमन', 'बॅगमन' म्हणताना बायकांची पंचाईत होते. १९३४ साली स्थापन झालेल्या 'मॉरिस रिंग' या संघटनेनं बायकांच्या साइडना दार उघडलं ते २०१८ मध्ये. बायकांनी तोवर वाट पाहिली नाही, १९७५ मध्ये स्वतःची संघटना काढली. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९०५ मध्ये, लंडनमधल्या कष्टकरी मुलींना मेरी नील यांनी हे नाच शिकवले, त्यासाठी हेडिंग्टनचा गवंडी विल्यम किंबर याला बोलावून घेतलं. हाच किंबर १८९९ च्या नाताळात थंडीनं काम बंद म्हणून साथीदारांसह नाचायला बाहेर पडला होता आणि पुढे लोकगीतं-लोकनाच गोळा करणारे म्हणून नावाजलेले सेसिल शार्प यांनी त्याला खिडकीतून पाहिलं. पुढे नाच टिकला, त्यात या दोन गोष्टींचा वाटा मोठा.

राहिल्या घंट्या. ताईंनी त्याबद्दल विचारलं नव्हतं, पण मी सांगणार. मुलाकडे गेलो होतो तेव्हा एक मे रोजी पहाटे ऑक्सफर्डला मॉरिस पाहिला. फुटपाथच्या कडेवर बसून एक साठीचे गृहस्थ पांढऱ्या मोज्यांवर, गुडघ्याच्या खाली, चामड्याचा तुकडा बांधत होते. त्यावर पितळी घुंगरांच्या ओळी. पट्टा ओढून गाठ मारली, उभे राहिले, दोनदा पाय आपटून आवाज ऐकला आणि पुन्हा बसून डावा पट्टा एक बोट खाली घेतला. माझ्या तोंडून निघालं, "अरे, हे तर चाळ बांधतायत!"

शब्द तोच आहे, चाळ. पण ताई, फोनवर लिंग सांभाळा. 'चाळ बांधले' म्हणालात तर पायात. 'चाळ बांधली' म्हणालात तर आई परत बांधकामाच्या साइडवर जाईल.