सट्टा लावणाऱ्या फुटबॉलपटूला शिक्षा हवीच, पण तो आपणहून बोलायला येईल अशी

तुमचे दोन प्रश्न आहेत. सट्ट्याचे नियम मोडले म्हणून २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्ड क्लबच्या आयव्हन टोनीला आठ महिने आणि न्यूकॅसल क्लबच्या सांद्रो टोनालीला दहा महिने बाहेर बसवलं, हे जास्त झालं का? आणि ज्यांच्या शर्टावर छातीभर सट्टा कंपनीचं नाव असतं, ते लोक कोणत्या तोंडानं खेळाडूला शिक्षा करतात?

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. शनिवार-रविवारी रात्री इंग्लंडचे सामने बघतो. या दोन्हींचा इथं काय संबंध ते पुढं सांगतो. आधी उत्तर: शिक्षा व्हायलाच पाहिजे. पण आठ महिने की दहा, यावर वाद घालण्यात अर्थ कमी आहे. आपल्याला व्यसन लागलंय, आपण देणं करून बसलोय, हे सांगायला खेळाडू स्वतः पुढं येईल की शेवटपर्यंत लपवत राहील, हे शिक्षेच्या रचनेवर ठरतं. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं.

नियम साधा आहे. १ ऑगस्ट २०१४ पासून इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूला जगातल्या कुठल्याही फुटबॉल सामन्यावर पैसे लावता येत नाहीत. आतली बातमी बाहेर देता येत नाही. स्वतःचा संघ जिंकेल म्हणूनसुद्धा पैसे लावायचे नाहीत. पुष्कळांना हे अति वाटतं. ‘आपल्याच संघावर विश्वास दाखवला, त्यात काय बिघडलं?’ असं विचारतात. बिघडतं ते असं: एखादा खेळाडू दर आठवड्याला आपल्या संघावर पैसे लावतो आणि एका आठवड्यात लावत नाही. त्या न लावण्यातूनच सट्टेवाल्याला कळतं की आत काहीतरी गडबड आहे. कुणाचा तरी गुडघा दुखतोय, कुणाला तरी विश्रांती देणार आहेत. खेळाडू एक शब्द न बोलता बातमी विकून बसतो. म्हणून सरसकट बंदी मला पटते.

सामना विकणं मी या चर्चेत घेतच नाही, कारण तिथं दयामाया नको. डिसेंबर १९६२ मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड वेन्सडे क्लबच्या पीटर स्वान, डेव्हिड लेन आणि टोनी के या तिघांनी इप्सविचविरुद्ध आपलाच संघ हरेल म्हणून पैसे लावले. १९६५ मध्ये तिघंही तुरुंगात गेले आणि फुटबॉलमधून कायमचे बाद झाले. (पुढं १९७२ मध्ये बंदी उठली, पण तोवर खेळायचं वय निघून गेलं होतं.) आपल्याकडं २०१३ च्या आयपीएलमध्ये श्रीशांत आणि आपल्या मुंबईचा अंकित चव्हाण यांच्यावर आजन्म बंदी आली, ती नंतर सात वर्षांवर आली. ती प्रकरणं स्पॉट फिक्सिंगची होती. मोबाइलवर चोरून सट्टा खेळणारा व्यसनी खेळाडू आणि ठरवून नो-बॉल टाकणारा, हे एका मापात बसत नाहीत. चर्चेत मात्र दोघांना एकाच पिशवीत टाकतात.

आयव्हन टोनीचंच बघा. २३२ वेळा नियम मोडल्याचं त्यानं कबूल केलं. यातले तेरा सट्टे स्वतःचा संघ हरेल यावर होते. हे वाचून माझंही डोकं फिरलं होतं. पण त्या सामन्यांत तो खेळत नव्हता आणि त्यानं सामना फिरवला असा आरोपही नव्हता. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या समितीनं पंधरा महिन्यांपासून मोजायला सुरुवात केली, कबुलीबद्दल अकरावर आली आणि मानसोपचारतज्ज्ञांनी जुगाराचं व्यसन असल्याचं सांगितल्यावर आणखी तीन महिने कमी केले. उरले आठ महिने आणि पन्नास हजार पौंड दंड. एवढ्यापर्यंत माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या अटीवर आहे. पहिले चार महिने त्याला संघाबरोबर सरावसुद्धा करायचा नव्हता. ज्याला जुगाराचं व्यसन आहे असं तुम्हीच कागदावर मान्य केलंय, त्याला सकाळी उठून जायची जागा, सोबतचे लोक आणि दिवसभराचं काम, तिन्ही एकदम काढून घेऊन तुम्ही मोबाइलसोबत घरी बसवलं. यात शिस्त कुठली? पुढं जानेवारी २०२४ मध्ये तो नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध परतला आणि पहिल्याच सामन्यात गोल केला, हा त्याचा खंबीरपणा. त्या अटीला मी त्याचं श्रेय देणार नाही.

आता कारखान्याचं सांगतो, कारण माझं मत तिथंच बनलंय.

आमच्याकडं कामगाराला मधल्या काळात उचल मिळते आणि ती पगारातून कापली जाते. उचलीच्या वहीत नाव, रक्कम, कारण आणि सही असे रकाने आहेत. कारणाचा रकाना कामगार सांगेल तसा मी भरतो. मागावरचा एक कामगार होता. हात इतका स्वच्छ की टॉवेलची किनार कधी बिघडायची नाही. त्याचं नाव वहीत दर आठवड्याला यायला लागलं. एकदा आईचं औषध, एकदा पोरीची फी, एकदा गावाकडच्या घरावर पत्रे टाकायचे म्हणून. खाडा एकही नाही, उलट दुसरी पाळी मागून घ्यायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माणूस संसारासाठी राबतोय.

तो मटक्यात अडकला होता. मटक्याचा जन्म न्यूयॉर्कहून मुंबईत कळवल्या जाणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर लागणाऱ्या पैजांतून झाला, सूतगिरण्यांच्या आमच्या गावात तो रुजायला वेळ लागला नाही. ओपन गेला की क्लोज लावायचा, क्लोज गेला की उद्याची जोडी. यात रोख हरणारा माणूस खिसा रिकामा झाला की निदान थांबतो. याला टपरीवरचा आकडेवाला उधारीवर खेळू देत होता. उधारीला खिशाचा तळ लागत नाही. देणं फुगलं आणि मग आकडेवाल्यानं मागणी केली ती पैशाची नव्हती. गोडाऊनमधले सुताचे कोन बाहेर काढून दे, असं त्यानं सांगितलं. सुरुवातीला थोडे, मग पोत्यानं. स्टॉक जुळेना तेव्हा प्रकार उघडा पडला.

त्याला मी विचारलं, आधीच का नाही बोललास? तो म्हणाला, ‘साहेब, आधी सांगितलं असतं तर त्याच दिवशी माझा हिशेब करून हातात दिला असता की.’ खरं होतं त्याचं. मटका खेळताना सापडला की त्याच दिवशी घरी, असा मालकांचा नियम होता आणि त्या नियमानं आधी एकाला काढलंही होतं. तो नियम कडक होता म्हणून मटका थांबला नाही, मटक्याबद्दल बोलणं थांबलं. आणि ती गप्प बसण्याची किंमत आकडेवाल्यानं पुरेपूर वसूल केली. कामगार गेला. आकडेवाल्याचं काही वाकडं झालं नाही.

इटलीतल्या युव्हेंटस क्लबचा खेळाडू निकोलो फाजोली याची जबानी वर्तमानपत्रांत आली तेव्हा मला हा कामगारच दिसला. बेकायदा साइटवर, उधारीवर सट्टा. देणं तीस लाख युरोंच्या घरात. पाय मोडून टाकू अशा धमक्या. महागडं घड्याळ घ्यायचंय असं खोटं सांगून संघातल्याच खेळाडूकडून उसने पैसे. एप्रिल २०२३ मध्ये ससुओलोविरुद्ध त्याच्या चुकीवर गोल झाला, प्रशिक्षकानं त्याला बाहेर घेतलं आणि तो बाकावर बसून रडला. लोकांना वाटलं, पोरगा चुकीचं वाईट वाटून रडतोय. त्याच्या डोक्यात तेव्हा देणं होतं. अशा खेळाडूकडं जाऊन कुणी म्हणालं असतं, ‘पैसे राहू दे, फक्त विसाव्या मिनिटाला एक पिवळं कार्ड घे,’ तर? त्यानं असं काही केलं असा आरोपही नाही. पण सामने विकायचा रस्ता इथूनच जातो, आणि तो बंद करायचा असेल तर माणूस या वळणावर असतानाच सापडला पाहिजे.

फाजोली स्वतः पुढं आला. इटलीच्या महासंघानं त्याला बारा महिन्यांची शिक्षा दिली. त्यातले सात महिने बंदी. उरलेल्या पाच महिन्यांऐवजी उपचार घ्यायचे आणि लोकांसमोर जाऊन आपली हकीकत सांगायची. टोनालीला अठरा महिने, त्यातले दहा बंदीचे. बाकीच्या आठांऐवजी उपचार आणि किमान सोळा ठिकाणी जाऊन बोलणं. त्यानं आधी इटलीतल्या मिलान क्लबमध्ये असताना मिलान जिंकेल म्हणून पैसे लावले होते. बंदीच्या काळात न्यूकॅसलबरोबर सराव मात्र चालू राहिला. मला या सगळ्यात सर्वात शहाणपणाचा वाटतो तो पुढचा निर्णय. इंग्लंडला आल्यावरही आपण सट्टा लावत होतो, हे टोनालीनं आपणहून सांगितलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२३ मधले सुमारे पन्नास सट्टे. इंग्लंडच्या समितीनं मे २०२४ मध्ये त्याला दोन महिन्यांची बंदी दिली, पण ती स्थगित ठेवली: पुन्हा नियम मोडलास तर लागू होईल. ‘परदेशी खेळाडू म्हणून सूट दिली’ अशी ओरड झाली. मला ती ओरड अजिबात मान्य नाही. त्यानं सांगितलं नसतं तर ते सट्टे कदाचित कधीच बाहेर आले नसते. त्याला त्याबद्दल पुन्हा बाहेर बसवलं असतं, तर दुसरा कोणता खेळाडू तोंड उघडायला आला असता?

आता शर्टाचं. टोनी ज्या ब्रेंटफर्डकडून खेळत होता, त्याच्या शर्टावर हॉलीवूडबेट्स या सट्टा कंपनीचं नाव होतं. वेस्ट हॅमच्या लुकास पाकेटावर मुद्दाम पिवळी कार्डं घेतल्याचा आरोप आला, तेव्हा वेस्ट हॅमच्या छातीवर बेटवे या सट्टा कंपनीचं नाव होतं. (तो आरोप जुलै २०२५ मध्ये सिद्ध न होता निकाली निघाला. एवढ्या काळात त्या माणसाचं जे नुकसान झालं ते कोण भरून देणार?) इंग्लंडचा फुटबॉलपटू जोई बार्टन याला २०१७ मध्ये १,२६० सट्ट्यांबद्दल अठरा महिन्यांची बंदी झाली, ती अपिलात कमी झाली. त्यानं तेव्हा हाच मुद्दा मांडला होता, आणि दोनच महिन्यांनी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं लॅडब्रोक्स या सट्टा कंपनीबरोबरचा आपला करार संपवला. म्हणजे तुमचा आक्षेप त्यांनाही लागला होता. इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीनं, म्हणजे प्रीमिअर लीगनं, २०२५-२६ नंतर शर्टाच्या पुढच्या भागावरून ही नावं काढायचं ठरवलं, बाहीवर मात्र मुभा ठेवली. अर्धवट काम आहे आणि मला त्याचा राग येतो. हा पैसा घेणाऱ्या क्लबांनी निदान व्यसनी खेळाडूच्या उपचाराचा खर्च तरी नियमानं उचलला पाहिजे.

पण नाव काढलं की सट्टा सुटेल, असं मला वाटत नाही. इटलीनं २०१८ च्या कायद्यानं जुगाराच्या जाहिराती आणि प्रायोजकत्व बंद केलं होतं. फाजोली आणि टोनाली त्यानंतरच सापडले. आपल्याकडं ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, ड्रीम इलेव्हन भारतीय संघाच्या शर्टावरून गेलं आणि आशिया चषकात आपला संघ कोऱ्या छातीनं खेळला. या कायद्यातली एक गोष्ट मला आवडली: तुरुंग आणि दंड आहे तो खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळून बुडालेल्याला नाही. फुटबॉलपटूला एवढी सूट देता येणार नाही, कारण त्याच्याकडं आतली बातमी असते. म्हणून क्लब ढोंगी असला तरी खेळाडूचा दोष पुसला जात नाही.

माझ्या हातात असतं तर काय केलं असतं, हेही सांगतो. सामना किंवा त्यातली एखादी गोष्ट विकली, तर आयुष्यभर बाहेर. आतली बातमी दिली तर पूर्ण हंगाम. मित्रांना आपल्या बदलीची खबर दिली म्हणून इंग्लंडच्या किरन ट्रिपिअरला दहा आठवड्यांची बंदी मिळाली होती, ती मला फार कमी वाटते. नुसता सट्टा लावला आणि पकडला गेला, तर सहा ते दहा महिने सामने बंद, सराव चालू, उपचार सक्तीचे. आणि कुणी विचारायच्या आधी स्वतः येऊन सगळी खाती, सगळं देणं समोर ठेवलं, तर बंदी स्थगित आणि त्याच दिवशी डॉक्टर. टोनीचे आठ महिने या मापात बसतात. त्याचा सराव बंद केला, ते बसत नाही.