शेन कुओवरच्या लेखाला 'होकायंत्राचा जनक' हा मथळा देऊ नका

दिवाळी अंकासाठी तुम्ही शेन कुओ या अकराव्या शतकातल्या चिनी विद्वानावर लेख लिहिलाय आणि संपादकांना मथळा हवाय 'होकायंत्राचा जनक'. तुमची पोस्ट वाचून माझी जुनी जखम पुन्हा ठसठसली. अजिबात मान्य करू नका.

मासिकाचं नाव घेत नाही. चुंबकसुई अगदी दक्षिणेला थांबत नाही, जराशी पूर्वेकडे झुकते, ही शेनची नोंद मी त्याच्यावरच्या माझ्या लेखात दिली होती. संपादन विभागाने मला न विचारता त्याचं 'होकायंत्राचा शोध लावला' केलं आणि सुईवरचा अख्खा परिच्छेद जागेअभावी उडवला. शुद्धिपत्र मागितलं, तर 'पुढच्या अंकात बघू'. पुढच्या अंकात काहीच नव्हतं. ते वाक्य आजही माझ्या नावावर आहे, याचा संताप जात नाही.

उडवलेला भाग असा होता: सुई पाण्यावर तरंगवली तर डुलत राहते, नखावर किंवा वाटीच्या काठावर झटकन फिरते, पण घसरते. म्हणून नव्या रेशमाचा एकच तंतू, मोहरीएवढ्या मेणाने सुईच्या मधोमध चिकटवून, वारा नसेल तिथे टांगायचा. हे सगळं करून पाहिलेल्या माणसाचं लिहिणं आहे. 'जनक' म्हटलं की नेमकं हेच झाकलं जातं. छपाईच्या मातीच्या सुट्या खिळ्यांचंही तसंच. ते पी शेंग नावाच्या सामान्य माणसाने केले; शेनने लिहून ठेवलं म्हणून पी शेंगचं नाव उरलं.

जन्म, परीक्षा, पदं कुठेही मिळतील. माझ्या मते लेख चिनी दरबाराच्या खगोल खात्यावर उभा करा. 1072 मध्ये शेन त्याचा प्रमुख झाला. राजधानीतल्या दोन वेधशाळांनी आपापल्या नोंदी करून ताडून पाहायच्या, असा नियम होता. कर्मचारी चक्क एकमेकांच्या नोंदी उतरवून घ्यायचे. त्याने सहा जणांना काढलं, तरी थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. हे त्यानेच लिहिलंय. स्वतः मात्र त्याने तीन महिने वेधनळीतून (ताऱ्यावर नजर रोखायच्या पोकळ नळीतून) ध्रुवतारा पाहिला, दोनशेहून जास्त आकृत्या काढल्या आणि तो खगोलीय ध्रुवापासून, म्हणजे ज्या बिंदूभोवती आकाश फिरताना दिसतं त्यापासून, तीन अंशांहून थोडा जास्त दूर असल्याचं ठरवलं. (तो तारा आजचा ध्रुवतारा नव्हे, तेवढं लेखात स्पष्ट करा.)

मला चिनी येत नाही, अनुवादांवरून लिहितोय. तुमचे संपादक समजूतदारही असतील. तरी शेवटचं प्रूफ मथळ्यासकट ईमेलवर मागवा. फोनवरच्या होकारावर विसंबू नका.