जीपच्या हुडावरची बुरशी

प्रश्न (चिपळूण): जुन्या जीपला सुती कॅनव्हासचं खाकी हूड आहे. पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी होती. आता आतून काळे ठिपके पडलेत आणि कुबट वास येतो. ब्लीचने धुतलं तर चालेल का?

उत्तर: सुती हुडाला ब्लीच लावू नका. बुरशी सुताचा तंतूच खात असते. वरून ब्लीच पडलं की डाग जातो, पण कापड आणखी विरतं आणि खाकी रंगावर पांढुरके ढग उठतात.

आधी कापड सुतीच आहे ना ते बघा. दुमडीच्या आतली एक दशी ओढून जाळा. सूत कागदासारखं जळून राख होतं, अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक गोळी धरतं. मग शिवणीजवळ दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणा. टरकलं तर धुण्याचे कष्ट वाचवा आणि सरळ कुशनवाल्याकडे नवं शिवायला टाका.

कापड धड असेल तर सलग दोन दिवस कडक ऊन मिळेल अशी वेळ धरा. हूड काढून मोकळ्यावर न्या, नाकातोंडाला मास्क लावा, वाऱ्याकडे पाठ करा आणि कपड्याच्या ब्रशने दोन्ही बाजू कोरड्याच झाडा. बहुतेकांचं इथेच चुकतं. आधी पाणी मारलं की बुरशी विणीत फासली जाते आणि ठिपक्याचा पट्टा होतो.

झाडून झाल्यावर हूड पुन्हा सांगाड्यावर ताणून बांधा. सुती कॅनव्हास सैल वाळला की आटतो, मग मागची टिचबटणं बोटभर अलीकडेच राहतात. आता एक लिटर पांढरं व्हिनेगर आणि एक लिटर पाणी मिसळून स्प्रेच्या बाटलीने आतबाहेर चिंब करा. पाऊण तास ते वाळू देऊ नका, लागेल तसं पुन्हा मारा. मग विणीच्या दिशेने ब्रश फिरवा. नंतर 10 लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सौम्य द्रवसाबण घालून धुवा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत साध्या पाइपने खंगाळा. गाड्या धुण्याचा दाबाचा फवारा वापरू नका, त्याने शिवणीची भोकं मोठी होतात.

एवढं करूनही करडी सावली उरेल. तो बहुधा मेलेल्या बुरशीचा रंग असतो, जिवंत बुरशी नव्हे. फारच खुपत असेल तर औषधाच्या दुकानातलं 6 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढंच पाणी घालून निम्म्यावर आणा, आतल्या कोपऱ्यात लावून रंग उडत नाही ना ते पाहा आणि मग 10 मिनिटं ठेवून धुवा.

धुतलेलं हूड पाणी अडवत नाही, ते पुन्हा तयार करावं लागतं. जुनी पद्धत साबण-तुरटीची, आणि सुतासाठी ती आजही पुरेशी आहे. दर लिटर गरम पाण्याला 60 ग्रॅम अंगाचा साबण किसून विरघळवा (डिटर्जंटची वडी चालत नाही), कोरड्या हुडाला ब्रशने मुरवा. अर्धवट वाळलं की दर लिटरला 30 ग्रॅम तुरटीचं पाणी त्यावर फिरवा. दोघांच्या संयोगातून तंतूंमध्ये पाण्याला न विरघळणारा मेणचट थर बसतो. तुरटीचा हात कंजूष पडला तर नुसता साबण उरतो आणि पाणी उलट आत ओढतो. दरवर्षी मे महिन्यात हे पुन्हा करावं लागेल.

प्रश्न (पणजी): माझं हूड रेक्झिनसारखं, व्हिनाइलचं आहे. काळे डाग पुसले, पण गुलाबी डाग निघत नाहीत. शिवाय मागची पारदर्शक खिडकी दुधाळ झाली आहे.

उत्तर: गुलाबी डाग निघणार नाहीत, घासून बोटं झिजवू नका. काही सूक्ष्मजीवांचा रंग व्हिनाइल मऊ ठेवणाऱ्या द्रव्यात विरघळून आतपर्यंत मुरतो. काळ्या डागांना मात्र इथे ब्लीच चालतं: एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, 10 मिनिटं, मग भरपूर पाणी. पत्रा, चेन आणि टिचबटणांवर ते राहू देऊ नका, गंज चढतो. बाटली ताजी घ्या. उन्हात राहिलेल्या ब्लीचचा जोर उतरलेला असतो.

खिडकीला ब्लीच, स्पिरिट किंवा काच पुसायचं अमोनियावालं द्रव लावू नका. कोमट पाणी, दोन थेंब साबण आणि मऊ कापड एवढंच. ओली घडी घातल्याने प्लास्टिकने पाणी शोषलं असेल तर दोन-तीन दिवस सावलीत मोकळी ठेवल्यावर दुधाळपणा पुष्कळ उतरतो. उतरला नाही तर ते बारीक ओरखडे किंवा उन्हाने आलेलं म्हातारपण, त्याला नवी खिडकीच.

प्रश्न (नागपूर): जोर यावा म्हणून ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र केलं तर?

उत्तर: क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद शेडमध्ये तो जीवावर बेतू शकतो. संडास साफ करायच्या आम्लातही ब्लीच मिसळू नका.

प्रश्न (लंडन): उघडझाप होणाऱ्या कारचं कापडी छत, त्यावर हिरवट थर.

उत्तर: हिरवं म्हणजे बहुतेक शेवाळच, उत्तरेकडची सावली त्याला मानवते. तंबू-छत्र्यांच्या अ‍ॅक्रिलिक कापडाला 4 लिटर पाण्यात 250 मिली ब्लीच आणि 60 मिली सौम्य साबण, 15 मिनिटं, हे प्रमाण चालतं. तुमच्या छताच्या पोटात मात्र रबराचा थर आणि त्याखाली अस्तर असू शकतं, म्हणून मऊ ब्रश आणि साबणपाण्यानेच सुरुवात करा. छत पूर्ण कोरडं झाल्याशिवाय खाली दुमडू नका.

प्रश्न (महाड): चार महिने गाडी उभीच राहते. वरून प्लास्टिकची ताडपत्री टाकावी का?

उत्तर: हुडाला चिकटून नको, ओल आत कोंडते. टाकायचीच तर बांबूवर वीतभर वर ताणा. हूड चढवलेलं ठेवा, बाजूचे पडदे वर गुंडाळा, पायातली मॅटं काढून वाळवा. पावसाने उघडीप दिली की गाडी तासभर उन्हात काढा.