रोपं आणण्याआधी ऊन मोजा

ताई, गॅलरीतल्या कुंड्यांत कोणती रोपं लावू असं विचारलंत आणि गॅलरी पश्चिमेला आहे एवढं सांगितलंत, पण ऊन किती तास येतं? नर्सरीत जाण्याआधी एक रविवार तेवढंच बघा. समोरच्या इमारतीची सावली धरून मोजा.

पाच-सहा तास थेट ऊन असेल तर तुळस, सदाफुली, जास्वंद, गोकर्ण, मोगरा बिनधास्त लावा. दोन-तीन तासच असेल तर मोगऱ्याचा हट्ट नको. पानं हिरवीगार राहतील, कळी धरणार नाही. तिथे अळू, मनी प्लांट छान होतात.

सुरुवातीला चार-पाच कुंड्या पुरे. गुलाब पहिल्याच वर्षी नको, त्याची कीड आणि छाटणी नव्या माणसाला दमवते.

नेहमीच्या चुका:
- फुलांनी लगडलेलं रोप उचलणं. त्यापेक्षा कळ्या कमी, पण नवी पालवी फुटलेलं घ्या.
- रोज ठरलेलं पाणी. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. जास्त पाण्यानेही पानं पिवळी पडतात, आणि आपण तहानलेलं समजून आणखी ओततो!
- तळाला भोक नसलेली कुंडी.

खतांचं नंतर बोलू. जास्वंदीची फांदी शेजारी मागा, पावसाळ्यात सहज जगते.