पॉलिसी पिकेपर्यंत ऑपरेशन लांबवावं का?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका वाचकांनी विचारलंय: पत्नीच्या मणक्यातली गाठ श्वॅनोमा, म्हणजे नसेच्या आवरणातून वाढणारी गाठ दिसते, कर्करोग नाही. लहान छेदातून, नेव्हिगेशनच्या, म्हणजे हत्यार नेमकं कुठे आहे ते दाखवणाऱ्या, स्क्रीनवर पाहत ती काढायला साडेसहा लाख सांगितलेत. नेहमीच्या उघड्या ऑपरेशनला साडेचार. जुनी आरोग्य विम्याची पॉलिसी 5 लाखांची. आता 15 लाखांची नवी घेऊन तीन वर्षं थांबावं का? मुलीच्या लग्नाची एफडी मोडायची नाही.

पॉलिसीसाठी थांबू नका. अशी गाठ सहसा हळू वाढते, कधी डॉक्टर स्वतःच एमआरआय करत वाट पाहतात; पण तो निर्णय न्यूरोसर्जनचा, एजंटचा नव्हे. पत्नीच्या पायातून चप्पल निसटते, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला तीच ओळ सगळ्यात महाग वाटली. पायातली ताकद एकदा गेली की ऑपरेशननंतर पूर्ण परत येईलच असं नाही. हे डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा.

नव्या पॉलिसीत हा आजार लिहावाच लागेल, आणि आधीच्या आजारासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. लपवलात तर क्लेम जाईल. जुनीच पोर्ट करून, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेऊन, रक्कम वाढवलीत, तरी वाढीव रकमेसाठी थांबायची मुदत नव्याने मोजतात. एजंट म्हणतो त्या क्रिटिकल इलनेसवरही, म्हणजे ठरावीक गंभीर आजार झाल्यावर ठरलेली रक्कम देणाऱ्या पॉलिसीवरही, विसंबू नका. त्यातल्या ‘बिनाइन ब्रेन ट्यूमर’च्या (मेंदूतली कर्करोग नसलेली गाठ) ठरीव व्याख्येतून मज्जारज्जूची गाठ वगळलेली आहे.

आता जुनी पॉलिसी नीट वाचा, कारण 5 लाखांची पॉलिसी 5 लाख देतेच असं नाही. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडलीत तर सर्जनची फी आणि ओटीचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. ऑपरेशन चालू असताना नसांवर लक्ष ठेवणारं न्यूरो मॉनिटरिंग विमा नियामक आयआरडीएआयच्या 2019 च्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे. त्यावर कंपनी वेगळी मर्यादा घालू शकते. हॉस्पिटलकडून नेव्हिगेशन, मॉनिटरिंग, खोली असं सुटं एस्टिमेट घ्या आणि कॅशलेसची मंजुरी आधी मिळवा.

दोन लाखांचा फरक? पत्नी फराळाच्या ऑर्डरी घेतात, तेव्हा बुडणारी कमाईही धरा. लहान छेदात बहुधा माणूस लवकर उभा राहतो, पण प्रत्येक गाठ तशी निघत नाही. सर्जन उघडंच बरं म्हणाले, तर मनाला लावून घेऊ नका.

कमी पडतील तेवढ्यासाठी एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं. पर्सनल लोनपेक्षा पुष्कळ स्वस्त.